खानदेशचा नकाशा आणि खानदेशचीं माणसें

भूगोल म्हटला म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें नद्या, डोंगर, शहरें आणि पिकें यांची लांबलचक यादी येते. शाळेंत ती पाठ करावी लागते आणि परीक्षा आटोपतांच ती विसरली जाते. परंतु अमुक लोक अमुक ठिकाणींच कां राहिले, त्यांनीं तेथील भूमीचें काय केलें आणि त्या भूमीनें त्यांना कसें घडविलें, हा भूगोलाचा खरा गाभा होय. या शाखेस मानवी भूगोल असें म्हणतात. नकाशा हें तिचें मुख्य साधन. या शास्त्राचीं मूलतत्त्वें समजून घेण्यास दूर जावयास नको. जळगांव आणि धुळें या दोन जिल्ह्यांतच त्याचे बहुतेक सर्व धडे मांडून ठेविलेले आहेत.

प्रथम भूमि पाहूं. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्रि, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मध्यें तापीचें खोरें, अशी खानदेशची ठेवण आहे. दक्षिणेंतील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस जातात. तापी मात्र नर्मदेप्रमाणें पश्चिमेस वाहते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि उत्तरेकडून अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या तिला मिळतात. सातपुडा तापीस जवळ असल्यामुळें उत्तरेकडील नद्या आंखूड, तर सह्याद्रीपासून येणाऱ्या गिरणा व पांझरा लांब पल्ल्याच्या आहेत. येथपर्यंतचें वर्णन निसर्गाचें झालें. आतां यांत माणूस कसा येतो तें पाहावें.

तापी ही सर्वांत मोठी नदी. तेव्हां शेतीस पाणी तिचेंच मिळालें असेल, असें कोणासही वाटेल. पण तापीचे कांठ उंच आणि पात्र खोल. जुन्या काळच्या साधनांनीं तें पाणी शेतावर चढविणें सोपें नव्हतें. म्हणून लोकांनीं लहान नद्यांकडे मोर्चा वळविला. पांझरा व तिच्या आसपासच्या नद्यांवर दगडी बंधारे घातले, पाट काढले आणि पाटाखालील जमिनीचे फड पाडले. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पुढच्या हंगामांत पिकांची आळीपाळी करावयाची, पाटकऱ्यानें पाणी सोडावयाचें, जागल्यानें राखण करावयाची आणि बंधाऱ्याची डागडुजी सर्वांनीं मिळून करावयाची, ही ती फडपद्धति. ती शेंकडों वर्षें चालत आलेली आहे. नदीनें बंधाऱ्यास जागा दिली. परंतु एका फडांत एकच पीक घ्यावें हा नियम नदीनें दिला नाहीं. तो माणसांनीं आपापसांत ठरविला. निसर्ग शक्यता देतो आणि समाज तींतून निवड करितो, हें मानवी भूगोलाचें पहिलें तत्त्व पांझरेच्या कांठीं असें प्रत्यक्ष दिसतें.

दुसरें तत्त्व स्थान आणि स्थिति यांच्या भेदाचें. गांव ज्या जागेवर वसलें ती जागा, तेथील पाणी, उंचवटा, माती, हें त्याचें स्थान. आणि इतर गांवें, रस्ते, बाजार यांच्याशीं असलेला त्याचा संबंध, ही त्याची स्थिति. स्थान सहसा बदलत नाहीं. स्थिति मात्र एका पिढींतही बदलूं शकते. १८१८ सालीं पेशवाई संपल्यावर खानदेशांत इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. त्यानें कारभाराचें मुख्य ठिकाण म्हणून धुळें निवडलें. पांझरेचें पाणी हा स्थानाचा गुण होताच. पण मुंबईहून आग्र्यास जाणारा मार्ग आणि प्रदेशांतील मध्यवर्ती जागा हा स्थितीचा गुण अधिक मोलाचा ठरला. नव्या पेठेंत सरळ रस्ते आंखण्यांत आले, बाहेरून कारागीर व व्यापारी आणून वसविण्यांत आले. आजही धुळ्याच्या त्या भागांतील गल्ल्या क्रमांकानें ओळखल्या जातात. जुनें धुळें मात्र नदीकांठच्या कोणत्याही जुन्या गांवासारखें वळणावळणांचें आहे. एकाच शहरांत माणसांच्या पायांनीं घडलेला भाग आणि कागदावर आधीं आंखून मग बांधलेला भाग, असे दोन्ही पाहावयास मिळतात.

पुढें लोहमार्ग आला आणि स्थितीचें गणित पुन्हां फिरलें. भुसावळ हें नागपूर व जबलपूर या दोन दिशांना जाणाऱ्या मार्गांचें जंक्शन झालें आणि भरभराटीस आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला. तेव्हां खानदेशच्या काळ्या मातींतील कापसास मोठा भाव आला. जळगांवास कापूस आणि लोहमार्ग या दोहोंचा लाभ झाला. एरंडोल हें पूर्वीं मोठें नांवाजलेलें गांव. पण लोहमार्ग त्याला वगळून गेला. एरंडोलची माती, पाणी, माणसें तींच राहिलीं, आणि तरीही त्याचें महत्त्व उतरलें. गांवाचें भाग्य त्याच्या शिवाराबाहेरच्या एका रेषेनें कसें बदलतें, याचें हें चांगलें उदाहरण होय.

तिसरी गोष्ट वस्तीच्या रूपाची. तापीकांठच्या सपाटींत गांवें दाटीनें वसलेलीं आहेत. घराला घर लागून, भोंवतालीं शेतें, अशी त्यांची रचना असते. सातपुड्यांत भिल्ल व पावरा लोकांचे पाडे याच्या उलट विखुरलेले. एकेक घर आपापल्या शेताजवळ, टेकडीच्या उतारावर असतें. म्हणून सपाटींतील गांव नकाशावर एका ठिपक्यानें दाखवितां येतें. पाड्याला ठिपका पुरत नाहीं. लोकसंख्येच्या घनतेचेंही असेंच आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जळगांव जिल्ह्यांत दर चौरस किलोमीटरास सुमारें ३६० व धुळें जिल्ह्यांत सुमारें २८५ माणसें होतीं. हे सरासरीचे आंकडे होत. रावेर किंवा शिरपूर तालुक्यांत दक्षिणेची काळी सपाटी आणि उत्तरेचा डोंगर या दोहोंना मिळून एकच आंकडा दिला, तर तो दोन्हीकडे खोटा पडतो. आंकड्याच्या मागें भूमि पाहावी, हा धडा विद्यार्थ्यानें येथें शिकावा.

आतां नकाशाकडे वळूं. नकाशाचीं मुख्य अंगें चार: दिशा, प्रमाण, खुणा आणि अक्षांश-रेखांशांची चौकट. जळगांव सुमारें २१ उत्तर अक्षांशावर व साडेपंचाहत्तर पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्यायशी रेखांशाची. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें जळगांवीं मध्यान्ह सरासरीनें बारा वाजून सुमारें २८ मिनिटांनीं होते. म्हणजे रेखांश ही केवळ पुस्तकांतील रेघ नसून तिचा परिणाम रोज अंगणांतील सावलींत दिसतो.

चार अंगांत प्रमाण हें सर्वांत विचार करण्याजोगें आहे. धुळें आणि जळगांव यांच्यामधील सरळ अंतर सुमारें ८० किलोमीटर. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर तें १६० सेंटिमीटर, म्हणजे पांच फुटांहून अधिक होतें. दहा लाखांस एक या प्रमाणावर तेंच ८ सेंटिमीटरांत बसतें. पहिल्या नकाशावर वाटेंतील विहिरी, देवळें, नाले दिसतात. दुसऱ्यावर पारोळें आणि एरंडोल हे दोन ठिपके उरतात. यांपैकीं एकही नकाशा खोटा नाहीं. मात्र प्रमाण ठरलें कीं काय गाळावयाचें तेंही ठरतें. प्रत्येक नकाशा कांहीं दाखवितो आणि त्याहून पुष्कळ अधिक गाळतो. कोणी, कशासाठीं आणि काय गाळलें, हा प्रश्न नकाशा वाचणारानें नेहमीं विचारावा. खानदेशांतील लोकांनीं तो एकदां फार मोठ्यानें विचारला होता.

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्याची जमीन-मोजणी विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीनें सुरू झाली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालांत निश्चित झाले. मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आजही शेतकऱ्याच्या तोंडीं असलेला गुंठा हा असा त्या साखळीचा वारस आहे. प्रत्येक शेतास क्रमांक द्यावयाचा, हद्दीवर दगड रोवावयाचे, मातीचा रंग व खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवावयाची, आणि त्यावरून तीस वर्षांचा सारा कायम करावयाचा, अशी ही पद्धति होती.

१८५२ सालीं ही साखळी खानदेशांत आली, तेव्हां लोक बिथरले. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोठे जमाव जमले. मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंना लोकांनीं गराडा घातला. मोजणी बंद करा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. शेवटीं फौज आणून पुढाऱ्यांना पकडण्यांत आलें आणि मोजणी पुढें चालू झाली. सरकारी दृष्टीनें हा दंगा. पण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून सोडून देणें योग्य होणार नाहीं. साखळी जमीन मोजते ती सारा वसूल करण्यासाठीं, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. जी गोष्ट मोजली गेली नाहीं, तिच्यावर कर बसविणें अवघड असतें. एकदां मोजली कीं ती कायमची कागदावर चढते. नकाशा हें राज्यकारभाराचें हत्यार आहे, हें तत्त्व त्यांनीं पुस्तक न वाचतां जाणलें होतें.

तथापि या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. त्याच मोजणीनें शेतकऱ्याच्या ताब्यास लेखी आधार मिळाला. बांधाच्या भांडणांत हद्दीचा दगड व टिपण साक्षीस आलें. मग तोच कागद सावकारास तारण म्हणूनही दिसूं लागला. क्रमांक पडलेली, हद्द ठरलेली जमीन गहाण टाकणें व विकणें सोपें झालें. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं, त्यामागें कर्जापायीं जमिनी हातच्या जाण्याची धास्ती होती. सारांश, एकच नकाशा एकाच शेतकऱ्याला कधीं ढाल झाला आणि कधीं फांस झाला. कोणतें रूप प्रकट होईल, हें तो कागद कोणाला वाचतां येतो यावर पुष्कळ अंशीं अवलंबून राहिलें.

या मोजणीनें गाळलेल्या गोष्टींकडेही पाहावें. सारा शेतावर होता, घरावर नव्हता; म्हणून शेतांची मोजणी बारकाईनें झाली आणि गांवठाणाची जागा बहुधा तशीच कोरी राहिली. शेतास क्रमांक मिळाला. शेतकऱ्याच्या घरास मिळाला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा नकाशा नसल्यानें घराच्या तारणावर कर्ज मिळणें किंवा वांटणीचा तंटा मिटणें कठीण जाई. ही उणीव भरून काढण्यासाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं स्वामित्व योजना सुरू केली. तींत ड्रोन नांवाच्या वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यंत्रानें वरून छायाचित्रें घेऊन गांवठाणांतील घरें मोजलीं जातात. दीडशें वर्षांपूर्वीं सोडलेली कोरी जागा अशी आतां भरली जात आहे.

सातपुड्यांतील प्रश्न याहून बिकट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जंगलांच्या हद्दी आंखण्यांत आल्या. नकाशावर हिरवा रंग भरला गेला. त्या हिरव्या रंगाखालीं कसणारीं माणसें, त्यांचे पाडे, त्यांच्या पायवाटा होत्या, याची नोंद बहुतेक ठिकाणीं झाली नाहीं. परिणामीं ज्या जमिनीवर आजोबा-पणजोबांनीं नाचणी पेरली, तिच्यावरच नातू कायद्याच्या दृष्टीनें अतिक्रमण करणारा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ही चूक दुरुस्त करण्याचा मार्ग दिला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीस ग्रामसभेपुढें दावा मांडतां येतो. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुराव्याची आहे. सरकारी कागदांबरोबरच जुनी विहीर, स्मशान, देवस्थान यांसारख्या खुणा आणि वृद्धांचें लेखी घेतलेलें कथन हेंही पुरावा म्हणून चालतें. म्हणजे पाड्यांतील म्हातारी माणसें मनांत जो नकाशा बाळगून होतीं, त्याला कायद्यानें प्रथमच किंमत दिली. उपग्रहांच्या साहाय्यानें जागा दाखविणारें लहानसें यंत्र हातीं घेऊन शेताच्या कडेनें चालत गेलें, तर तोच मनांतील नकाशा कागदावर उतरतो. १८५२ सालीं ज्या मोजणीची भीति वाटली, तीच मोजणी आज डोंगरांतील माणूस स्वतः मागूं लागला आहे. साखळी कोणाच्या हातांत आहे, एवढाच यांतील फरक.

नकाशावरील रेषा किती भारी असूं शकते, याचा आणखी एक दाखला नर्मदेच्या कांठीं आहे. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेस समोच्चरेषा म्हणतात. विद्यार्थी तिच्या साहाय्यानें टेकडी व दरी ओळखावयास शिकतो. सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर ठरली आणि त्या उंचीची समोच्चरेषा अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गांवांतून फिरली. महाराष्ट्रांतील ३३ गांवें त्या पाण्यानें बाधित झालीं. हे तालुके तेव्हां धुळें जिल्ह्यांत होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. रेषेच्या खालचें घर बुडणार, वरचें राहणार. पण वरच्या घराचें शेत, कुरण किंवा नदीकडची वाट खालीं असेल तर काय, याचें उत्तर रेषा देत नाहीं. तें माणसांकडे जाऊनच शोधावें लागतें. नकाशा जेथें संपतो तेथें मानवी भूगोल सुरू होतो, तो असा.

जिल्ह्यांच्या हद्दींविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. फारुकी राजांच्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर होती. तें शहर आज मध्यप्रदेशांत आहे. १८६९ सालीं नाशिक जिल्हा झाला तेव्हां मालेगांव, बागलाण हा भाग तिकडे गेला. १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन खानदेश झाले. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. इतक्या वेळां हद्दी हलल्या. पण अहिराणी बोलणाऱ्या बाईनें जिल्ह्याची पाटी पाहून आपली बोली बदलली नाहीं. बागलाणांत आजही अहिराणी चालते, आणि रावेर-यावलकडे जिल्हा जळगांवच असतां लेवा बोलीचा सूर निराळा लागतो. कारभाराचा नकाशा आणि बोलीचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर ते जुळत नाहींत. दोन्ही खरेच, दोहोंचीं कामें निराळीं. स्थलनामेंही अशींच टिकाऊ असतात. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर या नांवांतील 'नेर' हा अंश 'नगर' या शब्दाशीं जोडला जातो. १९२६ सालीं धुळ्यास निधन पावलेले इतिहासाचार्य राजवाडे यांनीं अशा नांवांच्या व्युत्पत्तीवर परिश्रम केले, ते याच विश्वासानें कीं, गांवाचें नांव हा एक जुना दस्तऐवज आहे.

आज मोबाईलवर बोट ठेवतांच नकाशा उघडतो आणि वाट दाखवितो. ही सोय मोठी आहे. पण तिनें एक आळसही येतो. पेट्रोलपंप आणि दुकान या नकाशावर चटकन चढतात. पाड्याचें नांव, उन्हाळ्यांत न आटणारी विहीर, गुरांची वाट, फडाचा पाट, हीं सहसा चढत नाहींत. त्यांची नोंद करणें हें दूरच्या कंपनीचें काम नव्हे, गांवाचें आहे.

यासाठीं गांवोगांवच्या शाळांना एक सोपा उद्योग करतां येईल. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयांतून गांवाच्या नकाशाची प्रत मिळते. ती भिंतीवर लावावी. ३३ फुटांची दोरी घेऊन तिच्यावर सोळा गांठी माराव्या आणि मुलांनीं शाळेचें अंगण मोजावें, म्हणजे गुंठा डोळ्यांत भरेल. मग एखाद्या सुटीच्या दिवशीं वृद्ध माणसांना बरोबर घेऊन गांवाची शीव चालावी. प्रत्येक विहिरीचें, नाल्याचें, टेकडीचें आणि पाड्याचें तेथील लोकांच्या तोंडचें नांव लिहावें. पूर कोठवर आला होता ती खूण विचारावी. बंद झालेल्या वाटा तुटक रेघेनें दाखवाव्या. प्रमाण व दिशा लिहिण्यास विसरूं नये. खालीं तारीख घालावी, कारण नकाशा ज्या दिवशीं काढला त्या दिवसापुरताच तो खरा असतो.

असा नकाशा काढणाऱ्या मुलास स्थान आणि स्थिति, घनता आणि हद्द हे शब्द वेगळे पाठ करावे लागणार नाहींत. त्याहून मोठा लाभ असा कीं, उद्यां रस्ता, धरण किंवा वांटणी यांसाठीं कोणी गांवापुढें नकाशा पसरला, तर त्यावर काय आहे आणि काय गाळलें आहे, हें सांगणारीं चार माणसें त्या गांवांत तयार असतील. १८५२ च्या शेतकऱ्यांजवळ शंका होती, पण नकाशा वाचण्याची विद्या नव्हती. ती विद्या आतां प्रत्येक गांवाच्या शाळेपर्यंत आलेली आहे. ती वर्गाच्या भिंतीवर टांगून न ठेवतां शिवारांत न्यावी.